वाडीतून उत्तरं : नाताळला उरले तीन आठवडे

डिसेंबरच्या अंकासाठी आलेली पत्रं आज पुढ्यात घेऊन बसले आहे. बाहेर पडवळाच्या मांडवावरून दव टपटपतंय आणि घरात रवा भाजल्याचा वास सुटलाय. वसईत या दिवसांत वाडी आणि घर दोन्ही एकाच वेळी हाका मारतात. बहुतेक पत्रांत प्रश्न एकच आहे, फक्त झाड वेगळं: "नाताळपर्यंत होईल का?" काही गोष्टी होतील, काही होणार नाहीत. जे होणार नाही ते स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे तुमची धावपळ वाचेल.

मावशी, माझ्याकडे तीन वर्षांची पॉइन्सेटियाची कुंडी आहे. आणली तेव्हा लालभडक होती. त्यानंतर पानं भरपूर येतात, पण सगळी हिरवीच. शेजारणीची जमिनीत लावलेली, काहीही न करता दर डिसेंबरला लाल होते. मी खत घालते, ऊन देते. काय चुकतं?
– एक वाचक, नायगाव

तुमची कुंडी कुठे आहे ते तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय: गॅलरीत, जिन्याच्या दिव्याखाली. उत्तर तिथंच आहे. या झाडाला खतापेक्षा रात्र हवी असते.

आपण ज्याला लाल फूल म्हणतो ती खरं तर पानं आहेत. फुलं म्हणजे मधले ते पिवळे बारीक मणी. दिवस लहान होऊ लागले आणि अंधार सलग मिळाला की मण्यांच्या भोवतीची पानं रंग धरतात. साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ ते दहा आठवडे रोज रात्री तेरा-चौदा तास अखंड काळोख मिळाला, तर झाड नाताळला लाल होतं. मध्येच कुणी दिवा लावला, तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडली. शेजारणीचं झाड घराच्या मागे असणार, जिथं उजेड पोहोचत नाही.

झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथून एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेत नेणाऱ्या जोएल पॉइन्सेट या राजदूताच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. तिथल्या डोंगरात त्याला जिन्याचा दिवा कुठून माहीत असणार!

या नाताळला ते लाल होणार नाही. आजपासून रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायला लागलात आणि सकाळी आठला काढलंत, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात रंग येईल. पुढच्या वर्षी मात्र गणपती गेले की कुंडीची जागा बदला. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका.

मला या पत्राने आणखी एक गोष्ट आठवली. मी लहान असताना संध्याकाळी सातनंतर आमच्या वाडीत हात पुढे केला तर हात दिसत नसे. आता रस्त्याचे दिवे, इमारतींचे दिवे आणि नोव्हेंबरपासून झाडांनाच गुंडाळलेल्या माळा. नाताळचा कंदील मलाही प्रिय आहे, तो लावाच. पण शेवंतीच्या वाफ्यावर आणि पॉइन्सेटियावर माळा सोडू नका. शेवंतीचंही गणित हेच आहे: तिलाही मोठी रात्र लागते. लावलीत तर झोपताना विझवा.

नाताळच्या गोठ्यासाठी दरवर्षी हिरवा कागद आणि लाकडाचा रंगवलेला भुसा वापरतो. यंदा मुलांना खरं गवत उगवून दाखवायचं आहे. गेल्या वर्षी गहू पेरले होते. ते 18 तारखेलाच हातभर वाढले आणि 24 ला आडवे पडले. शिवाय मुळांवर पांढरी बुरशी आली होती. कधी पेरावं, काय पेरावं?
– एक वाचक, गिरीज

या प्रश्नाची मी वाट बघत असते.

आमच्या घरी हे काम आजीचं होतं. ती पितळेची जुनी परात घ्यायची, तिच्यात बावखलाच्या, म्हणजे वाडीजवळच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठची काळी माती दोन बोटं पसरायची आणि नाचणी पेरायची. नाचणीचं गवत बारीक, मऊ, थेट भाताच्या रोपासारखं दिसतं. गोठ्यातल्या चार इंचांच्या मेंढीला शोभतं. गव्हाचं पातं जाड आणि उंच. तुमच्या मेंढ्या त्यात हरवल्या असतील.

पेरताना 24 तारखेपासून मागे मोजायचं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे गारवा असतो, त्या हवेतला माझा हिशेब असा आहे: नाचणी 10 किंवा 11 ला, गहू 15 ला, मेथी आणि राई 18 ला. तुम्ही गहू बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेरलेत. घटस्थापनेचे घट आठवा. शेजारची काकू पहिल्या माळेला पेरते आणि दसऱ्याला धान केसांत माळण्याएवढं होतं. नऊ दिवस. आमच्या आजीने आणि त्या काकूच्या सासूने टोपलीची माती वर्षानुवर्षं एकाच बांधावरून आणली, एकीने नवरात्रासाठी, दुसरीने नाताळसाठी. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू पेरतात आणि ते हिरवे अंकुर नाताळच्या टेबलावर ठेवतात. तिथली थंडी जास्त, म्हणून दिवसही जास्त.

पेरायची रीत: धान्य रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी टोक फुटलेलं दिसलं की परातीत दाटीने पसरा, दाण्याला दाणा लागेल असं, पण दाण्यावर दाणा नको. वरून मातीचा चिमूटभर थर. दोन दिवस ओलं फडकं झाका, मग उघडून खिडकीत ठेवा. झाकलेलंच ठेवलं तर पिवळं पडतं आणि उजेडाच्या शोधात लांबट होऊन कोसळतं. पाणी ओतायचं नाही, हाताने शिंपडायचं. परातीला भोक नसतं हे विसरू नका. एका बाजूने उजेड येत असेल तर परात रोज फिरवा, नाहीतर बेथलेहेमचं सगळं गवत खिडकीकडे झुकतं.

आता तुमची बुरशी. ती बुरशी नसावी अशी माझी शंका आहे. गव्हाच्या कोवळ्या मुळांना कापसासारखी बारीक लव असते. तिच्यावर पाणी शिंपडून बघा. लव असेल तर मुळाला चिकटून दिसेनाशी होईल आणि वाळल्यावर पुन्हा फुलेल. बुरशी दाण्यांच्या मधून जाळ्यासारखी पसरते, पाण्याने जात नाही आणि कुबट वास येतो. तसं झालं तर तेवढा भाग चमच्याने काढून टाका आणि पाणी कमी करा. किती जणींनी चांगली रोपं बुरशी म्हणून उकिरड्यावर टाकली असतील या विचाराने मला दरवर्षी वाईट वाटतं.

पेंढा नव्या भाताचाच घ्या. नोव्हेंबरात झोडणी झालेला पेंढा अजून सोनेरी असतो आणि त्याचा वास सबंध ओटीभर येतो. बाळ येशूची गव्हाण मात्र 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी. आमच्याकडे घरातलं सर्वांत लहान मूल बाळाला ठेवतं.

28 डिसेंबरला मुलीचं लग्न आहे. दारात मोगऱ्याची सहा झाडं आहेत. तिच्या केसांत आमच्याच झाडांचा गजरा असावा अशी इच्छा आहे. काय खत दिलं तर तोवर कळ्या धरतील?
– एक आई, नंदाखाल

ताई, तुमची इच्छा वाचून डोळे भरून आले, पण मोगऱ्याला आता काहीही देऊ नका. त्याची ही झोपायची वेळ आहे. आत्ता ओढून आणलेल्या चार-दोन कळ्यांपायी मार्च-एप्रिलचा सगळा बहर जाईल.

या महिन्यात मोगऱ्याचं पाणी तोडायचं. दोन-तीन आठवडे ताण दिला की पानं मलूल होतात, काही गळतात. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटायचा, वाळक्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढायच्या, बुंध्याभोवती माती हलवून चांगलं कुजलेलं शेणखत भरायचं आणि मग पाणी सुरू करायचं. नव्या फुटीलाच कळ्या येतात. लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येईल तेव्हा झाडं भरलेली असतील.

गजऱ्यासाठी कागडा लावलेला कुणी शेजारी असेल तर त्याला आजच सांगून ठेवा. कागडा थंडीतच फुलतो, कळ्या लांबट आणि शुभ्र, वास मोगऱ्याहून मंद. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, आपल्याकडे सहसा लग्नं लागत नाहीत, त्यामुळे 26 तारखेपासून वसईत मांडवच मांडव असतात आणि फुलांचा भाव एका रात्रीत चढतो. त्यातच मार्गशीर्षाचे गुरुवार या महिन्यात आले तर पूजेच्या फुलांचीही मागणी. शेवंती, गुलाब जे हवं ते आठ दिवस आधी ठरवा. आणि तुमच्याच झाडाचं काही हवं असेल, तर मोगऱ्याची चार हिरवी पानं कागड्याच्या गजऱ्यात गुंफा.

आम्ही दरवर्षी किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणून नाताळचं झाड करतो. यंदा मुलगा म्हणतो, तोडू नका. विकतचं प्लास्टिकचं झाड मला आवडत नाही. तुमचं मत?
– एक वाचक, भुईगाव

माझं मत तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. किनाऱ्यावरचे सुरू लावलेले आहेत ते वारा आणि वाळू अडवण्यासाठी. त्यांच्यामागे आपल्या केळी आणि पानवेली उभ्या आहेत. फांदी म्हणून आपण तोडतो तो बहुतेक वेळा शेंडा असतो, कारण झाडासारखा तोच दिसतो. शेंडा गेला की सुरू सरळ वाढत नाही. शिवाय ती झाडं सरकारी लागवडीतली असली तर तो गुन्हाही आहे.

चिकू किंवा पेरूची छाटणीत निघालेली फांदी घ्या, सरळसोट नको, चांगली फांदाळलेली. पानं काढा, दोन दिवस उन्हात वाळवा, चुन्याचा हात द्या आणि वाळूने भरलेल्या डब्यात रोवा. आमचं लहानपणीचं झाड हेच होतं. त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून केलेल्या चांदण्या असायच्या.

जिवंतच हवं असेल तर अरौकारियाची कुंडी घ्या. मजले मजले असलेलं, सरळसोट वाढणारं ते झाड. पण त्याचा शेंडा कधी कापू नका, जड काही टांगू नका आणि घरात पंधरा दिवसांहून अधिक ठेवू नका. अंधाऱ्या दिवाणखान्यात राहिलं की खालच्या फांद्या वाळतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत.

वालाच्या शेंड्यांवर काळा मावा आला आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी उकडहंडी करायची, शेंगा घरच्याच हव्यात. औषध मारलं तर खायच्या कशा?
– एक वाचक, केळवे

वालपापडीशिवाय उकडहंडी कसली! औषध नको. पहाटे पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख मूठमूठ भुरभुरा. दवामुळे ती चिकटते. लागोपाठ तीन दिवस. फार भरलेले शेंडे सरळ खुडून बादलीतल्या साबणाच्या पाण्यात टाका. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवसाबण घोटून संध्याकाळी फवारा, शेंगा धुऊन घ्या.

त्याआधी एकदा पान उलटून बघा. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर तिला मारू नका. ती ढालकिड्याची अळी. तिचं खाणंच मावा. आणि मुंग्यांची रांग बुंध्यावर चढत असेल तर ती तोडा, कारण माव्यातून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो आणि त्यासाठी त्या ढालकिड्यांना हाकलतात. मागच्या महिन्यात युरिया घातला होता का? लुसलुशीत पाल्यावर मावा आधी येतो.

विहिरीचं पाणी दिवाळीनंतर मचूळ होतं. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर धरतो, घेवड्याच्या पानांच्या कडा करपतात. काय लावावं?
– एक वाचक, अर्नाळा

पालक आणि बीट लावा. दोघांनाही खारं पाणी बऱ्यापैकी चालतं. घेवडा, गाजर, कांदा यांना अजिबात सोसत नाही, तिथं कष्ट घालू नका. रोज थोडं थोडं शिंपडलं की पाणी उडून जातं आणि मीठ वरच राहतं. त्यापेक्षा दिवसाआड, पण कुंडीच्या तळातून निथळेल इतकं द्या. महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी मिळालं तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून मीठ धुऊन काढा. पांढरा थर दिसतो तेवढी माती खरवडून टाका. वर पेंढा अंथरा.

हे झालं कुंडीचं. पण दुखणं कुंडीत नाही. आमच्या आळीतलं बावखल माझ्या डोळ्यांदेखत बुजलं. एका बाजूने राडारोडा पडत गेला आणि चार वर्षांत तिथं गाड्या उभ्या राहू लागल्या. त्यानंतर आमच्या विहिरीची चव बदलली. बावखल पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरवत असे आणि ते गोडं पाणी समुद्राच्या पाण्याला बाहेर रेटून धरत असे. ज्यांच्या गावात अजून बावखल जिवंत आहे, त्यांनी त्याच्या काठी कचरा पडू देऊ नये. हे मी हात जोडून सांगते.

पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जाते, रात्री आठला घरी. त्यात करंज्या, साफसफाई, गायनमंडळाचा सराव. बाल्कनीतली बाग वाळत चालली आहे. अपराधी वाटतं.
– एक वाचक, विरार

अपराधी वाटून घेऊ नका. थंडीत कुंड्यांना उन्हाळ्याइतकं पाणी लागतच नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी हात लावू नका. बहुतेक कुंड्यांना तीन दिवसांतून एकदा पुरेल. रविवारी मिस्सेहून आल्यावर दहा मिनिटं पिवळी पानं काढा. बस्स.

करंज्यांचं मात्र एकटीने करू नका. आमच्या आळीत अजून फिरतीची पद्धत आहे: आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पाच जणी लाटायला, भरायला बसल्या की दुपारी सुरू केलेलं संध्याकाळी तळून होतं. कलकल, म्हणजे नाताळचा तळलेला गोड खाऊ, वळायला मुलांना बसवा. नवीन कंगवा धुऊन त्यावर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, तेवढं सात वर्षांच्या मुलालाही जमतं. तुमच्या मजल्यावर कुणीतरी असेलच, ती ख्रिस्ती नसली तरी चालेल. दिवाळीत तिच्या करंज्यांना तुमचे हात लागले असतील.

मी मूळची उमराळ्याची, आता लेस्टरला. खिडकीत मेथी-कोथिंबीर लावली. मेथी बारीक दोऱ्यासारखी, कोथिंबीर उगवलीच नाही. खाली हीटर आहे, ऊब भरपूर मिळते.
– एक लेक, इंग्लंड

बाळा, ऊब आहे पण उजेड नाही. डिसेंबरच्या शेवटी तुझ्याकडचा दिवस आठ तासांहूनही लहान. आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. उजेड कमी आणि ऊब जास्त झाली की रोप धावत सुटतं, म्हणून दोरा. कुंडी हीटरवरून उचल आणि दक्षिणेच्या खिडकीत थंड जागी ठेव. मेथी दोन-तीन इंचांची झाली की कात्रीने काप आणि पुन्हा पेर, मोठी जुडी व्हायची वाट बघू नकोस. धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन दल कर, रात्रभर भिजव, मग पेर. तरी दोन-तीन आठवडे लागतील.

आणि बाहेर कुंडीत लसणाच्या पाकळ्या टोच, टोक वर ठेवून. त्याला तुझ्याकडची थंडी हवीच असते. ती लागल्यावरच एका पाकळीचा गड्डा बनतो. या एका बाबतीत तुझी जागा उमराळ्याहून चांगली आहे.

मावशी, मी पाचवीत आहे. आम्ही नाचणी पेरणार आहोत. गोठा काढल्यावर ती फेकून द्यायची का?
– एक मुलगी, नाळे

नाही फेकायची. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीपर्यंत, गोठा राहू दे. रोज पाणी शिंपड. मग परातीत पाणी भरून माती सैल कर आणि सगळ्यांत धट्टीकट्टी दहा रोपं मुळांसकट अलगद सोडव. बाकीची कोंबड्यांना घाल, त्या आवडीने खातात. ती दहा रोपं अंगणात, ऊन येतं तिथं, एकेक वीत अंतरावर लाव आणि पहिले आठ दिवस रोज पाणी दे. एप्रिल संपता संपता कणसं येतील. नाचणीचं कणीस मुठीसारखं असतं, त्याला बोटं असतात. प्रत्येक कणसाला किती बोटं आली ते मोजून वहीत लिही आणि मला कळव. चिमण्या यायच्या आत मोज.